वरच्या वाडीत पुरलेला परकर

६ जानेवारी
सकाळी पाणीवाले शेट आले. पनवेलकडचे. ट्रकचा धंदा होता, आता आमच्या डोक्यावरच्या टेकाडावर रिसॉर्ट बांधलंय. (इथून पुढे नुसतं पा.शे. लिहीन, जास्त शाई घालवायच्या लायकीचे नाहीत.) बाटलीत पाणी भरून आणलेलं, दाखवायला. रिसॉर्टच्या संडास-मोऱ्यांचं पाणी मशीनमधून साफ करून गेलं वर्षभर भावजींच्या वाडीला फुकट सोडतात. आता तोच पाइप खाली आमच्या वाडीत आणायचाय. आणि दोन्ही घरांची सही हवीय, की हो, हे पाणी शेतीला जातं. त्याशिवाय त्यांना आणखी खोल्या बांधायची परवानगी मिळत नाही.
"आंटी, देखो ना, एकदम क्लिअर."
म्हटलं, एवढं क्लिअर आहे तर घ्या एक घोट. झाकण लावलं आणि हायवेच्या खड्ड्यांवर बोलायला लागले.
भावजी शेजारी बसून मान डोलवत होते. बँकेत जन्मभर साहेबांसमोर तेच केलं, मान आता आपोआप हलते. ह्यांना विचारलं, काय करायचं? हे म्हणाले, बघू. लग्न झाल्यापासून बघतायत.

९ जानेवारी
वरच्या वाडीत जाऊन आले. (वरची म्हणजे भावजी-शैलाची, खालची आमची. मध्ये फक्त एक बांध.) पोफळींच्या आळ्यांत पाणी तसंच उभं. आमच्याकडे पाट सोडला की चहा होईपर्यंत जिरतं. तिथे काल सोडलेलं आज सकाळी तसंच, वर साय धरल्यासारखं. सुकलेल्या आळ्यांत मातीचा पापुद्रा, टाचेखाली कटकन मोडतो. कडेला पांढरं. मूठभर माती उचलून वास घेतला. वासच नाही. थोडा मोरीचा आला तर आला.
भावजींना सांगितलं. म्हणाले, वहिनी, पानं बघा किती हिरवी, मातीचा वास घेऊन काय अत्तर करायचंय? पहिल्या वर्षी पानं हिरवी होणारच, साबण नि मुताचं पाणी पडलंय, खतच ते. पुढचं कोण बघणार? ह्या माणसाला व्याज कळतं, माती नाही.
आणि मुख्य म्हणजे उतार. त्यांचं सगळं झिरपून आमच्याकडे येतं, आमच्या विहिरीकडे. आमची वाडी मी मेलेल्या झाडाच्या जागी नवं रोप लावून, शेण घालून, पाला कुजवून जिवंत ठेवलीय. ती ह्यांच्या फुकट्या पाण्यापायी मरायची. हे मी होऊ देणार नाही. नाही म्हणजे नाही.

१२ जानेवारी
अदिती आली. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची मुलगी, मातीतल्या जिवाणूंवर पीएच.डी. करते. पांढरे बूट घालून वाडीत. पहिल्याच पाटात एक गेला.
मला वाटलं, पाणी बघून म्हणेल, काकू, हे विष आहे. छे! म्हणे, वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला देणं मुळात वाईट नाही, कितीतरी ठिकाणी नीट चालतं. डिपेंड्स. मशीन कसं चालवतात, मीठ किती, क्लोरीन किती, माती कुठली. डिपेंड्स हा शब्द दिवसभरात इतक्या वेळा म्हणाली की ह्यांनासुद्धा आवडली.
पण एक गोष्ट कामाची सांगितली. सुती कापड मातीत पुरायचं. मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू ते खातात. दोन महिन्यांनी काढायचं. चिंध्या झाल्या तर माती जिवंत, धड निघालं तर काहीतरी बिघडलंय. लॅबच्या तपासण्या ती करेलच, पण कापड कुणालाही दाखवता येतं. भावजींनाही. इंग्रजी वाचावं लागत नाही.
हे मला पटलं. मीही बॉटनीची पदवीधर आहे, भांडी घासून ती धुतली गेलेली नाही.

१८ जानेवारी
आज पुरले. माझे दोन जुने सुती परकर कापून सारखे तुकडे केले. नवीन कापडाला खळ असते, म्हणून जुनं धुवट हवं. निम्मे आमच्याकडे, निम्मे वरच्या वाडीत, पोफळींच्या बुंध्याशी. अदितीने प्रत्येकाला लाल नायलॉनची दोरी बांधून टोक वर ठेवलं, सापडायला. वर नंबराची पत्र्याची चकती.
भावजींना विचारून केलं. म्हणाले, करा काय ते, पण शैलाला सांगत बसू नका, हजार प्रश्न विचारील. शैला म्हसळ्याला माहेरी गेलीय. मलाही तिला समजावत बसायचा उत्साह नव्हता. जिवाणू म्हटलं तर ती हात धुवायला जाईल. शिवणयंत्रावर बसली की जगात दुसरं काही नाही तिला.
किसन (आमच्याकडे शिंपण्याला असतो) खड्डे काढून देत होता. म्हणाला, "वयनी, आज अवस हाय." म्हटलं, असू दे, अदितीला आजचाच दिवस मोकळा आहे. अमावस्येला माती सुट्टीवर जात नाही.

२ फेब्रुवारी
काही नाही. सुपारी सोलायला बायका. दिवसभर सोलणं आणि जगाची निंदा. मी त्यात पहिली.

१५ फेब्रुवारी
महाशिवरात्र. हरिहरेश्वराला गर्दी, रिसॉर्ट फुल. वरून दिवसभर गाणी. संध्याकाळी पाइपातून आलेल्या पाण्याला फेस आणि पोहायच्या तलावाचा वास. माणसं जास्त झाली की मशीनला झेपत नाही, मग वरून क्लोरीन ओततात नि देतात सोडून. जिवाणू मारायचं औषध घातलेलं पाणी जिवाणूंवरच सोडायचं! शाबास.
टेकाडावर जाऊन बघून आले. मागच्या बाजूला मिठाच्या गोण्या, थप्पीच्या थप्पी. वॉचमन म्हणाला, पाणी मऊ करायच्या मशीनला लागतं, नाहीतर पाहुण्यांचे केस चिकट होतात. म्हणजे पाहुण्यांचे केस मऊ, ते मीठ आमच्या पोफळींना. इथे विहिरी मचूळ होतील म्हणून आम्ही उन्हाळाभर जीव मुठीत धरतो, आणि हे वरून मीठ पाठवतात, पाइप लावून.
अदितीला फोन केला. म्हणाली, काकू, हे फार महत्त्वाचं आहे, नोंद करते. कर बाई.

६ मार्च
शिमगा झाला. शैला पोळ्या घेऊन आली नाही. दरवर्षी येते. वरच्या वाडीत दोन पोफळींचे शेंडे पिवळे पडलेत, ते मनाला लागलं असेल. मी बांधावरून हाक मारली तर मान वळवून आत गेली. असू दे. मला कुठे तिच्या पोळ्यांचं सुख, कडक असतात.

१४ मार्च
आधी आमच्या वाडीतले काढले. काय सांगू! पहिल्या खड्ड्यात कापड असं नव्हतंच. नाडीची शिवण तेवढी, नि जाळी झालेला एक कोपरा. दुसऱ्यात मूठभर दोरे आणि गांडुळं. अदिती फोटो काढत होती आणि मला रडू येत होतं. माझी माती माझे परकर खाऊन बसली होती. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.
मग वरची वाडी. पहिला खड्डा रिकामा. दुसरा रिकामा. सगळे रिकामे. लाल दोऱ्या नाहीत, चकत्या नाहीत. खड्डे उकरून पुन्हा बुजवलेले, वर राख आणि लिंबाची सालं.
अदितीचा चेहरा पडला. एका बाजूचे तुकडे असून काय उपयोग, तुलना कशाशी करायची?
हे काम पा.शे.चं. दुसरं कोण? त्यांना सही हवीय, पुरावा नकोय.

१५ मार्च
रिसॉर्टवर जाऊन पा.शे.ना चांगलं झापलं. पाहुण्यांसमोर. म्हटलं, माझे परकर परत द्या. बोलून गेल्यावर कळलं काय बोलले. नाश्त्याच्या टेबलांवरचे सगळे वळून बघायला लागले.
पा.शे. हात जोडून म्हणाले, "आंटी, आईशप्पथ, मला काय पण माहीत न्हाय." तोंड बघून वाटलं खरं बोलतोय. असा माणूस खरं बोलला की जास्त राग येतो.

१९ मार्च
पाडवा. शैलाकडून श्रीखंड नाही, माणूस नाही. पाणवठ्यावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. एकीने आपलं लहान मूल उचलून कडेवर घेतलं.
दुपारी किसनला धरलं. मान खाली घालून बोलला. शैलाला वाडी झाडताना लाल दोरी दिसली. ओढली तर खाली परकराचा तुकडा. मग दुसरा, तिसरा. तिनेच शिवलेले ते परकर माझे, टीप ओळखली. अवसेला पुरल्याचं किसननेच भोळेपणाने सांगितलं तिला. पोफळी पिवळ्या पडतायत, जावेचा अंगावरचा कपडा बुंध्याशी पुरलेला, लाल दोरा, पत्र्यावर आकडे. "वयनी, करणी केलीव असं समदी म्हनतात."
मी! करणी! हसायला आलं आधी. मग बसले पायरीवर. तुकडे म्हसळ्याच्या भगताकडे नेलेत म्हणे.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला. ह्यांचं एवढंच.

२१ मार्च
वर गेले. भावजी ओटीवर. म्हटलं, तुम्ही होतात ना, तुम्हाला विचारून पुरले ना मी? भावजी चपलेकडे बघत म्हणाले, हो, म्हणजे, सांगितलं मी तिला, पण ती म्हणते वहिनींनी मलाही भुरळ घातलीय. बँकेत असा माणूस कर्जं कशी देत होता देव जाणे.
मग शैला बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. हातात पिशवी. त्यातून तुकडे काढून माझ्यासमोर पसरले. भगताने परत दिले होते, समुद्रात सोडायला.
सगळे धड. सगळे! काळपट, वास येणारे, पण धड. शिवण, नाडीची पट्टी, काठाची लेस, सगळं. मी हातात घेऊन ओढून बघितला एक, फाटेना. ज्याच्यासाठी दोन महिने थांबले ते समोर, आणि पुढ्यात बसून मला चेटकीण म्हणणारी बाई.
शैला म्हणाली, "वहिनी, दीड महिना जमिनीत राहिला आणि एक दोरा तुटला नाही. साधा कपडा असता तर जमिनीनं खाल्ला असता. माझ्या जमिनीनं खायचं सोडलंय. तुम्ही काय केलंत ते सांगा."
मी म्हटलं, अगं तेच! तेच तर! तुझी माती मेलीय, ह्या पाण्याने. मीठ, साबण, क्लोरीन, हवा जात नाही, बुरश्या मेल्या, म्हणून कपडा कुजला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू काहीतरी बरोबर बघितलंस. (हे शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलले.)
ती म्हणाली, पाण्यात कपडा कुजतो का टिकतो? लहान पोराला विचारा.
मी तुकडे गोळा करायला लागले.
शैला ते द्यायला तयार नाही. मी मागितले म्हणजे करणी परत करायला मागतेय असं. संध्याकाळी समुद्रात गेले असतील.

२५ मार्च
अदितीचा अहवाल आला. इंग्रजीत, आलेख, रंगीत वर्तुळं. वरच्या वाडीत जिवाणूंची एकूण संख्या वाढलीय, पण जाती कमी झाल्यात, धागे कुजवणाऱ्या बुरश्या फारच थोड्या, मिठाचा अंश चढलाय, माती घट्ट बसतेय. निष्कर्ष: अधिक अभ्यासाची गरज आहे. तुमच्या पिढीला अभ्यासाशिवाय कशाची गरज असते गं?
भावजींनी नेमकं एकच वाक्य वाचलं. जिवाणू वाढलेत, म्हणजे वहिनी, माती जास्त जिवंत झाली की! पा.शे.ना त्याच वाक्याचा फोटो पाठवला. पा.शे. आता ते बोर्डावर लावतील बहुतेक. गटारातही जिवाणू भरपूर असतात, भावजी. तिथे लावा पोफळी.
सही पाडव्यानंतर होणार होती. आता भावजी तयार, मी नाही. पण वरच्या वाडीला पाणी चालूच. त्याला माझी सही लागत नाही.

३० मार्च
पाणी बंद.
आधी विश्वास बसला नाही. बांधावर जाऊन बघितलं. वरच्या वाडीचा पाइप ओढून काढून कुंपणाबाहेर फेकलेला. शैला स्वतः विहिरीचं पाणी कळशीने घालतेय, आळ्याआळ्याला. चाळिशीची बाई, घामाने निथळतेय.
किसनने सांगितलं. भगताचा हुकूम. बाहेरचं पाणी जमिनीत घालायचं नाही, करणी पाण्याबरोबर मुळांत उतरते. पाऊस पडेपर्यंत फक्त घरच्या विहिरीचं, तेही हाताने. शेणाचा काला घालायचा, पाला टाकायचा, पापुद्रा दर सोमवारी कुदळीने फोडायचा.
मी दोनदा विचारलं, असंच म्हणाला? असंच. अदितीने मला ह्याहून वेगळं काय सांगितलं होतं? पाणी थांबवा, सेंद्रिय घाला, वरचा थर मोकळा करा. तिच्या अहवालात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे.
भगत हा म्हसळ्याचा एक लबाड म्हातारा, कोंबड्यावर जगणारा. त्याच्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या सगळ्या बोलण्याने, अदितीच्या लॅबने, परकरांनी झालं नाही. थू.
पण पाणी बंद. मी घरात येऊन दार लावून हसले. हे विचारत होते काय झालं.

५ एप्रिल
पा.शे. भावजींकडे येऊन गेले. पाणी कुठे सोडायचं हा त्यांना प्रश्न. भावजी म्हणाले, माझं काही नाही हो, घरातली ऐकत नाही. जाताना पा.शे. माझ्या अंगणाकडे बघून हळूच गेले, पायातली चप्पल न वाजवता. त्यांनाही कळलेलं दिसतंय मी कोण ते. ह्याचं मात्र वाईट वाटलं नाही.
बाकीच्याचं वाटतं. खोटं कशाला लिहू? किसनची बायको ताक न्यायला येत नाही. सुपारी सोलायच्या बायकांना दुसरीकडे काम लागलंय, सगळ्यांना एकदम. कालच्या हळदीकुंकवाला बोलावणं नाही. मी ह्या बायकांना जन्मभर अडाणी म्हणत आले, त्यांनी बोलवलं नाही म्हणून मला कशाला लागावं? पण लागलं.

८ एप्रिल
अदितीचा फोन. तिला सगळं कळलंय. फार वाईट वाटतंय, काकू, माझ्यामुळे तुमच्यावर आलं. शनिवारी येते, गावात सगळ्यांना बसवून मराठीतून समजावते, कापडाचा प्रयोग, फोटो, सगळं. तुमचं नाव साफ करू.
म्हटलं, येऊ नकोस.
का?
कारण विचार कर ना. ती आली, बोलली, समजा लोकांना पटलं की हा प्रयोग होता. करणी नाही. मग भगताचा हुकूम कशावर उभा राहतो? करणी नाही म्हणजे पाण्याला हरकत नाही. तुझ्या अहवालात तर लिहिलंयच, जिवाणू वाढलेत. दुसऱ्या दिवशी पाइप जागेवर.
अदिती म्हणाली, पण काकू, दोन्ही गोष्टी एकत्र समजावता येतील ना. म्हटलं, तू भावजींना ओळखत नाहीस. आणि शैलाला मी ओळखत नाही हे मला आत्ता कळलंय.

११ एप्रिल
वरच्या वाडीतून वारा आला की कुजलेल्या पाल्याचा वास येतो. चांगला, जुना वास. बांधावरून हात घालून आळ्यातली माती चोरली. अजून चिकटच. पण पापुद्रा फोडलाय नीट, नि खाली एक गांडूळ. एकच. आमच्याकडून आलं असेल बांधाखालून.
पावसापर्यंत असंच राहिलं तर वाचेल बहुतेक. पाऊस मीठ धुवून नेईल. पावसापर्यंत.

१२ एप्रिल
शैला आली. दुपारी, मागच्या दाराने. मी ताट घासत होते.
डोळे सुजलेले. म्हणाली, तीन रात्री झोप नाही. लग्न होऊन आले तेव्हा साडी नेसायला तुम्ही शिकवलंत. माझं बाळंतपण तुम्ही केलंत. तुम्ही कडू बोलता, मला मूर्ख समजता, ते मला ठाऊक आहे, पण माझ्या झाडांचं वाईट कराल असं आत कुठे पटत नाही. भगत काही म्हणो.
मग म्हणाली, "उद्या भैरोबाच्या देवळात चला. पाषाणावर हात ठेवा नि एकदाच सांगा, मी करणी केली नाही. मला दुसरं काही नको. मी सगळ्या बायकांना घेऊन येते, सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."
मी विचारलं, आणि पाणी?
म्हणाली, मग काय, कळश्या वाहून माझी कंबर गेलीय, वहिनी. हे म्हणतात शेट पाइप नवीन देतोय. लगेच सोडून टाकू.
मी हातातलं ताट तसंच धरून उभी. तिला सांगावंसं वाटलं. सगळं, नीट, तिला कळेल असं, जे जानेवारीतच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं तर शब्द आले ते सोडियम नि बुरशी नि रचना. ती माझ्याकडे बघत होती, मी मंत्र म्हणतेय अशी. थांबले.
तिने जाताना माझा हात धरला. थंड होता तिचा. म्हणाली, सकाळी आठला हाक मारते.

रात्री
न जाणं म्हणजे कबुली. मग जन्मभर ह्या आळीत चेटकीण. किसनही जाईल काम सोडून. शैलाच्या मनातलं जे काही उरलंय तेही गेलं.
जाणं सोपं. शपथ खोटी नाही. हात ठेवायचा, खरं तेच बोलायचं, बायका रडतील, शैला पाया पडेल, आणि संध्याकाळी पाण्याचा आवाज येईल वरून.
ह्यांना विचारलं नाही.
देवावर माझा विश्वास नाही, तरी हात धुऊन ठेवलेत.